परत केलेली वही



१९७४ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात राल्फ मर्कल या विद्यार्थ्याने संगणक-सुरक्षेच्या वर्गात एक कल्पना मांडली : पूर्वी कधी न भेटलेल्या दोघांना, तिसरा सारे चोरून ऐकत असतानाही, आपसांत गुप्त किल्ली ठरवता येईल. अध्यापकांना ती उमगली नाही. मर्कलने तो विषय सोडला. कल्पना सोडली नाही. १९७८ मध्ये त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आज सार्वजनिक किल्लीच्या कूटशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांत त्याची गणना होते.

हीरक महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मला त्या अध्यापकांच्या जागी मी दिसते. ‘विषयाला सोडून’ असा शेरा मारून मीही कितीतरी वह्या परत केल्या. त्यांतील एखादी आपल्याजवळ असेल, तर अवश्य घेऊन या. मला ती पुन्हा वाचायची आहे.