पैसा आपला, पण उद्या सही कोण करणार?

आजचा विषय काढला की घरात म्हणतात, "कशाला अभद्र बोलायचं?" आम्हीही गटात तसंच म्हणायचो. मग आमच्याच एका काकूंवर वेळ आली.

काकूंनी शेळ्या पाळून, कापूस वेचून ऐंशी हजारांची ठेव केली होती. एकटीच्या नावावर. वारस म्हणून मुलाचं नाव लावलेलं, शिवाय त्याच्या नावानं मुखत्यारपत्रही केलेलं. आम्हाला वाटायचं, काकू हुशार, सगळं करून ठेवलंय. एका पहाटे त्यांना लकवा मारला. वाचाही गेली आणि समजही. दवाखान्याला पैसे हवेत म्हणून मुलगा आणि आम्ही दोघी बँकेत गेलो. साहेबांनी कागद नीट वाचला आणि विचारलं, "आईंना आता कळतं का?" मुलगा खरं बोलला, "नाही." साहेब म्हणाले, "मग हे पत्र आता चालणार नाही."

आम्हाला राग आला. पण साहेब चूक नव्हते. मुखत्यारपत्र म्हणजे, "मी सांगते, माझ्या वतीनं तू कर." सांगणारीला समजेनासं झालं की तो अधिकारही संपतो. 1872 च्या करार कायद्यात तसं लिहिलेलं आहे. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण कागद केला, त्याच दिवशी तो निकामी.

आणि वारस? बँकेत वारस म्हणून नाव लावलं, तर त्या माणसाला पैसे मिळतात ते आपल्या माघारी. आपण जिवंत असताना त्याला एक रुपयाही काढता येत नाही.

मग उरतं कोर्ट. अशा माणसाचा पालक नेमून घ्यायला घरच्यांना बहुतेक वेळा उच्च न्यायालयात जावं लागतं. डॉक्टरांचे दाखले, वकील, तारखा. काकूंच्या दवाखान्याला शेवटी गटातून अंतर्गत कर्ज काढलं. स्वतःचे ऐंशी हजार बँकेत, आणि काकूंवर गटाचं कर्ज.

तेव्हा बायांनो, हातीपायी धड असताना काय करता येतं ते ऐका.

पहिलं, संयुक्त खातं. अर्जात "दोघांपैकी कोणीही किंवा हयात" असा पर्याय निवडा. मग कोणा एकीच्या सहीवर व्यवहार होतो. "पहिला किंवा हयात" निवडलं, तर पहिली जिवंत असेपर्यंत दुसरीची सही चालत नाही. तिथं चुकू नका. ठेव संयुक्त असली तरी मुदतीआधी मोडायला बहुतेक वेळा दोघींच्या सह्या लागतात. म्हणून सगळा पैसा ठेवीत अडकवू नका, दवाखान्यापुरता बचत खात्यात राहू द्या. योजनेचे पैसे येतात ते आधार जोडलेलं खातं मात्र तसंच ठेवा. संयुक्त खातं वेगळं काढा.

दुसरं, समज शाबूत आहे पण हात चालत नाही, बँकेत जाववत नाही, तर घाबरू नका. दोन साक्षीदारांसमोर अंगठा देऊन पैसे काढता येतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. हाताचा अंगठा उठत नसेल तर पायाचाही चालतो. पैसे घ्यायला कोण येईल तेही आपण सांगू शकतो. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्येच बँकांना सांगितलं आहे. हक्कानं विचारा.

तिसरं आणि सगळ्यात अवघड, माणूस कोण निवडायचा? संयुक्त खात्यातला माणूस सगळे पैसे एका दिवसात काढू शकतो, हे विसरू नका. थोरला मुलगा आहे म्हणून तोच, असं काही नाही. लेक असेल, बहीण असेल, सून असेल. आम्ही गटात एक खूण ठरवली आहे: ज्यानं न विचारता आपल्याला हिशेब दिला, तो माणूस. आणि पैसे एकानं काढले तर पासबुक दुसऱ्यानं बघायचं. गटात आपण हेच करतो ना? सचिव लिहिते, बाकीच्या बघतात. कोऱ्या कागदावर अंगठा मात्र कोणालाच द्यायचा नाही, पोटच्या पोरालासुद्धा नाही.

चौथं, एका वहीत लिहून ठेवा: खातं कुठल्या बँकेत, ठेव किती, विमा कोणता, कोणाला उसने दिले, गटात बचत किती. वही कुठे आहे ते दोघांना सांगा. एटीएमचा आकडा त्यात लिहू नका.

काकू अजून आहेत. आम्ही भेटायला गेलो की हात धरून ठेवतात. काय सांगायचं असतं ते कळत नाही. त्यांच्या घरून परतल्यावर आमच्या गटातल्या सात जणींनी त्याच महिन्यात बँकेची पायरी चढली. तुम्हीही पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीनं एवढंच सांगायचं: "माझ्या माणसाचं नाव हे."