भुताच्या गोष्टीतली दया

भुताची गोष्ट म्हटली की आपल्यापुढे पिंपळावरचा मुंजा येतो, ओढ्याकाठची हडळ येते. आपल्या गोष्टींत मांत्रिक भुताला बांधून टाकतो, नाही तर त्याची राहिलेली इच्छा पुरी केली की त्याला गती मिळते. ही ‘गती’ मनात ठेवा. आज मी ज्या इंग्रजी कादंबरीबद्दल बोलणार आहे, तिचा जीव याच प्रश्नात आहे.

कादंबरीचे नाव ‘ड्रॅक्युला’. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाने ती लिहिली आणि १८९७ साली ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. स्टोकर तिथल्या लायसियम नाटकगृहाचा व्यवस्थापक होता. माणसांचे रक्त पिऊन शतकानुशतके जगणारा एक सरदार ट्रान्सिल्व्हेनियातून इंग्लंडात येतो, ही त्यातली हकीकत. सिनेमामुळे ड्रॅक्युलाचे सुळे सर्वांना ठाऊक झाले. त्यामागचा ख्रिस्ती विचार मात्र बाजूला पडला.

गोष्टीच्या आरंभीच एक छोटा प्रसंग आहे. जोनाथन हार्कर नावाचा तरुण वकील त्या सरदाराच्या गढीकडे निघालेला असतो. वाटेतल्या खानावळीतली म्हातारी गुडघे टेकून त्याला जाऊ नको म्हणून विनवते आणि स्वतःच्या गळ्यातला क्रूस काढून त्याला देते. हार्कर प्रॉटेस्टंट. क्रूसाची प्रतिमा म्हणजे थोडीफार मूर्तिपूजाच, असे त्याला शिकवलेले. पण म्हातारीचे मन मोडवेना, म्हणून तो घेतो. पुढे गढीत तोच क्रूस त्याला वाचवतो. शिकल्यासवरल्या माणसाला अडाणी म्हातारीची श्रद्धा उपयोगी पडते! आम्हा मास्तर मंडळींना हे जरा टोचतेच.

पण खरी गोष्ट पुढे आहे. हार्करची बायको मीना. ड्रॅक्युला तिच्यावर झडप घालतो आणि बळजबरीने आपले रक्त तिला पाजतो. तिचे रक्षण व्हावे म्हणून वृद्ध प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग पवित्र कम्युनियनची भाकर तिच्या कपाळाला लावतो. वसईकडचे आपले ख्रिस्ती बांधव तिला ख्रिस्तप्रसाद म्हणतात. तर ती भाकर तिचे कपाळ डागण्यासारखी भाजते! लाल व्रण उठतो. आपण विटाळलो, देवही आपल्याला दूर लोटतो आहे, असे म्हणून ती आक्रोश करते.

हे प्रकरण मी एकदा वर्गात शिकवीत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, पण मीनाची चूक काय?” मी गप्प झालो. आमच्या गावात माझ्या लहानपणी एका बाईला झाड लागले म्हणून चौकात बसवून कडुलिंबाच्या फोकांनी झोडपत. तिची चूक काय, हे आम्ही कोणी विचारले नव्हते. तिचा नवरा वळचणीला उभा असे, खाली मान घालून.

स्टोकरने त्या मुलीच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलेले नाही, आणि मला तो कादंबरीचा दोष वाटतो. त्याचे धर्मशास्त्रही कच्चे आहे. ही भाकर वापरायला आपल्याला ‘इंडल्जन्स’ आहे, असे व्हॅन हेल्सिंग सांगतो; पण कॅथलिक पंथात इंडल्जन्स म्हणजे पापाच्या शिक्षेत मिळणारी सूट, असल्या कामाचा परवाना नव्हे.

पण स्टोकरने दुसरे एक केले, आणि त्यासाठी मी त्याला मानतो. त्या व्रणासकट त्याने मीनाला बोलू दिले. पुरुष मंडळी सूडाने पेटलेली असतात. ती त्यांना सांगते की, त्याला मारा, पण द्वेषाने मारू नका. सगळ्यांत केविलवाणा जीव त्याचाच आहे, त्याच्यातले वाईट मेले म्हणजे चांगले सुटेल. जोनाथन चवताळून म्हणतो, त्याचा आत्मा कायमचा नरकात धाडता आला तर मी धाडीन. मीना त्याला आवरते. हीच दया उद्या मलाही लागेल, असे ती म्हणते. ख्रिस्ताने क्रूसावरून मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, ती शिकवण इथे एका डागलेल्या बाईच्या तोंडी आली आहे.

शेवट ६ नोव्हेंबरच्या सूर्यास्ताला होतो. जोनाथनच्या हातात कुकरी असते, आपल्या गुरख्यांची! तिचा घाव ड्रॅक्युलाच्या गळ्यावर बसतो, आणि क्विन्सी मॉरिस या अमेरिकन मित्राचा सुरा काळजात. देहाची माती होते, पण त्याआधी क्षणभर त्या चेहऱ्यावर शांती दिसते. मीनाला तिथे ती दिसेल असे कधी वाटले नव्हते.

क्विन्सी जखमी होऊन बर्फात पडलेला असतो. मरता मरता तो मीनाच्या कपाळाकडे बोट दाखवतो. व्रण गेलेला असतो. पुढे मीनाला मुलगा होतो, नेमका क्विन्सीच्या मृत्यूच्या तिथीला. त्याला घरात सगळे क्विन्सी म्हणूनच हाक मारतात.