सुती दोरा, उन्हाळ्याचे दिवस आणि आपल्या तासाचा हिशोब

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



बचत आणि परतफेडीचा विषय झाला. आता थोडा वेळ विणकामावर बोलायचं आहे. रब्बीची काढणी उरकत आली, शेतातलं काम कमी होईल. दुपारी ऊन इतकं असतं की बाहेर पडवत नाही. अशा वेळी ओट्यावर बसून सुया किंवा क्रोशा हातात घ्यायचा विचार बऱ्याच जणींच्या मनात आहे. काही गटांनी दोऱ्यासाठी कर्जाची मागणीही केली आहे. म्हणून म्हटलं, पैसे उचलायच्या आधी बोलून घेऊ.

पहिली गोष्ट दोऱ्याची. दुकानात आपण ‘लोकर’ म्हणून जी मागतो, ती बहुतेक वेळा मेंढीची नसतेच. ती अॅक्रिलिक असते. स्वेटरला ती चालते, पण उन्हाळ्यातल्या वस्तूंना नाही. ती घाम शोषत नाही आणि चुलीजवळ नेली तर वितळते. उन्हाळ्याला सुती दोराच हवा. तो पाणी शोषतो, पुन्हा पुन्हा धुता येतो, आणि ओला झाला तरी कमकुवत होत नाही. खात्री करायची असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून घराबाहेर पेटवा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. अॅक्रिलिक वितळून त्याचा टणक काळा मणी होतो.

पण सुती दोऱ्याचा स्वभाव वेगळा आहे. लोकर ताणली की परत जागेवर येते, सुती दोरा येत नाही. तो जड असतो, स्वतःच्या वजनाने लांबतो आणि पहिल्या धुण्यात आटतो. त्यामुळे स्वेटरचा अंदाज इथे लावू नका. आधी ४ इंच बाय ४ इंचाचा नमुना विणा. मोजा, धुवा, सावलीत सपाट पसरून वाळवा, परत मोजा. दोरीवर टांगू नका, लांबेल. ओला नमुना पांढऱ्या कापडावर घासा. रंग लागला तर तो दोरा घेऊ नका. आणि एका वस्तूला लागणारे सगळे गुंडे एकाच वेळी, एकाच लॉटचे घ्या. लाल म्हणजे लालच, असं नसतं. लॉट बदलला की छटा बदलते आणि ती विणल्यावरच दिसते.

आता काय काय करता येईल ते सांगते.

नवशिक्या ताईंनी भांडी पुसायच्या चौकोनी फडक्यापासून सुरुवात करावी. सुयांवर ४ टाके घाला. एक ओळ सुलट विणा. मग प्रत्येक ओळीत २ टाके सुलट, सुईवर एक दोरा घ्या, आणि उरलेले सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि कडेने छोटी छोटी छिद्रं पडतात. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हवी तेवढी रुंदी झाली की कमी करायला लागा. १ सुलट, २ टाके एकत्र, सुईवर दोरा, परत २ टाके एकत्र, बाकी सगळे सुलट. दर ओळीला एक टाका कमी होईल. ४ उरले की बंद करा. यात माप चुकायची भीती नाही, कारण रुंदी डोळ्यासमोर वाढत असते.

दुसरी वस्तू गरम भांडं धरायचं फडकं. हे घट्ट आणि दुहेरी विणायचं, जाळी अजिबात नको. वापरताना ते कोरडं असलं पाहिजे. ओल्या फडक्यातून चटका लगेच हाताला बसतो. हे गिऱ्हाइकालाही सांगायचं.

तिसरी, बाजाराची जाळीची पिशवी. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशवी हातात दिसायला लागली. क्रोशाच्या पिशवीचा तळ मुक्या खांबांनी भरीव आणि गोल विणा. साधारण ५ इंच झाला की जाळी सुरू करा. ५ साखळ्या घाला, २ टाके सोडून एक मुका खांब. पुढच्या फेरीपासून प्रत्येक कमानीत एक मुका खांब, मध्ये ५ साखळ्या. वरचा काठ आणि बंद पुन्हा भरीव मुक्या खांबांचे. बंद जाळीचे केले तर पहिल्याच बाजारात गुडघ्यापर्यंत येतात. पिशवी झाली की त्यात ४ किलो कांदे भरून रात्रभर खुंटीला लावा. सकाळी बंद किती लांबला ते मोजा. तेवढा तो पुढच्या पिशवीत आखूड धरा.

चौथं म्हणजे लग्नसराई. रुखवतात ठेवायला ताटावरचे रुमाल, तोरणं, तांब्यावरचं झाकण अजूनही मागतात. हे काम बारीक दोऱ्याचं आणि बारीक क्रोशाचं आहे, वेळ फार खातं. म्हणून ते ऑर्डर आणि आगाऊ रक्कम हातात आल्याशिवाय सुरू करू नका. लग्नाची तारीख टळली की तो रुमाल घरातच राहतो.

आता मुख्य मुद्दा. वस्तूची किंमत काढताना आपण काय करतो? दोऱ्याचे पैसे धरतो, वर थोडे ठेवतो. आपला वेळ धरतच नाही. म्हणतो, “घरीच तर बसले होते.”

या वाक्याबद्दल एक गोष्ट सांगते. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि खाली आंध्रात समुद्राला मिळते. तिथे नरसापूर नावाचं गाव आहे. त्या भागातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची सुती लेस विणतात. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९८२ साली आलं. बायका दिवसातले कितीतरी तास विणत होत्या, लेस परदेशात जात होती, व्यापारी मोठे होत होते. आणि विणणारीला मात्र सगळे गृहिणीच म्हणत होते, फावल्या वेळात काहीतरी करणारी. ती स्वतःही तसंच म्हणायची. कामाला काम म्हटलं नाही, म्हणून मजुरी मागायचा प्रश्नच आला नाही. हे मी पदवीला असताना शिकले, आणि आता गावोगाव बैठकांमध्ये तेच वाक्य ऐकते.

म्हणून हिशोब करू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही आपल्या गावचे घाला. समजा खुरपणीची मजुरी ६ तासांना ३०० रुपये. म्हणजे तासाला ५०. एका पिशवीला ४ तास लागले, तर मजुरी २००. दोरा ९०. धुणं, चिठ्ठी, जाणं-येणं १०. एकूण ३००. आता व्यापारी दारात येऊन म्हणाला, “ताई, नगाला दीडशे देतो.” त्यातून दोरा आणि वरखर्चाचे १०० गेले, उरले ५०. चार तासांचे पन्नास. तासाला साडेबारा रुपये. उन्हात खुरपणीला गेलेल्या बाईच्या पाव हिश्श्याएवढे.

तुम्ही म्हणाल, ताई, आठवडी बाजारात तीनशेची पिशवी घेणार कोण? खरं आहे. बहुतेक कुणी घेणार नाही. म्हणूनच हिशोब विणायच्या आधी करायचा. मग वाटा दिसतात. ज्या वस्तूला वेळ कमी लागतो ती निवडा. फडकं दीड तासात होत असेल तर तीन फडक्यांचा संच करून विका. किंवा वस्तूचा बाजार बदला. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात हाताच्या कामाची किंमत समजणारं गिऱ्हाईक येतं, तिथे एकेकटीने जाण्याऐवजी प्रभागसंघाने मिळून माल न्यावा. किंवा दोरा मिळून घाऊक घ्या, तेवढा खर्च कमी होईल. आणि यातलं काहीच जुळत नसेल तर घरासाठी विणा. तेही वाया जात नाही. लेकीची पिशवी, स्वयंपाकघरातलं फडकं, आणि मन रमतं ते वेगळंच. फक्त त्यासाठी गटाचं कर्ज काढू नका. परतफेड पैशात करावी लागते, हौसेत होत नाही.

गटांना माझी विनंती अशी. दोऱ्यासाठी अंतर्गत कर्ज मंजूर करण्याआधी तीन गोष्टी बघा. धुतलेला नमुना. लागलेल्या तासांची नोंद, मग ती मुलाच्या जुन्या वहीत का असेना. आणि कुणी विकत घेणार आहे त्याचं नाव किंवा ठिकाण. तिन्ही असतील तर कर्ज जरूर द्या. नसतील तर आधी एकच गुंडा आणू द्या.

तासांची नोंद ठेवताना एक अडचण येईल, ती आत्ताच सांगते. मध्येच दूध उतू जातं, सासूबाई हाक मारतात, नळाला पाणी येतं. सलग चार तास कुणालाच मिळत नाहीत. म्हणून बसताना आणि उठताना घड्याळ बघून वेळ लिहा, शेवटी बेरीज करा. पहिल्यांदा बेरीज बघितली की बऱ्याच जणींना धक्का बसतो. बसू द्या. तो आकडा घरातल्यांनाही दाखवा.

आणि तब्येत जपा. सुती दोरा ताणत नाही, त्यामुळे बोटांवर आणि मनगटावर जोर येतो. अर्ध्या तासाने हात मोकळे करा, उजेडात बसा, पाणी प्या.

पुढच्या सभेला प्रत्येक गटाने दोन गोष्टी आणायच्या, एक धुतलेला नमुना आणि एक तासांची चिठ्ठी. सगळ्या चिठ्ठ्या समोर ठेवू आणि आपल्या प्रभागात तासाला किती रुपयांखाली कुणी विणायचं नाही, ते मिळून ठरवू. एकटीने भाव मागितला तर व्यापारी शेजारणीकडे जातो. सगळ्यांनी एकच आकडा सांगितला तर त्याला तो ऐकावा लागेल.