सुरुंगांची वाट आणि सावित्रीबाईंचे पदक
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



परमवीरचक्र म्हटले की शत्रूवर तुटून पडणारा वीर आपल्या डोळ्यांपुढे येतो. आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्या रामा राघोबा राणे यांनी ते मिळविले रस्ता मोकळा करताना! राणे कारवारकडचे, एका पोलीस शिपायाचे चिरंजीव. १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले.

एप्रिल १९४८ मध्ये आपली फौज नौशेऱ्याहून राजौरीकडे निघाली. राजौरीतील लोकांच्या जिवावर बेतले होते, तेव्हा एकेक दिवस मोलाचा. वाटेत मात्र सुरुंग पेरलेले, झाडे आडवी पाडलेली, मोऱ्या उडविलेल्या. ८ तारखेला कामास हात घालतात न घालतात तोच उखळी तोफांचे गोळे येऊन पडले. राण्यांच्या तुकडीतील दोघे ठार झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणेही होते. तरी ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्या आडोशाने सुरुंग काढीत पुढे सरकू लागले. चालकाला इशारा देण्यासाठी दोन दोऱ्या होत्या. गाडीवानाने कासरा ओढावा तसे हे खालून दोरी ओढणार, आणि रणगाडा चालणार किंवा थांबणार! चाक चुकून हातभर पुढे गेले असते तर? मला तर नुसत्या कल्पनेने कापरे भरते.

१० तारखेला पहाटे उठून, मशीनगनचा मारा चालू असताना, पाच पाइन वृक्षांचा अडथळा त्यांनी दोन तासांत दूर केला. ११ तारखेला सकाळी सहाला सुरुवात करून अकरा वाजता चिंगसची वाट खुली केली, आणि रात्री दहापर्यंत पुढचे काम चालूच ठेवले. १२ तारखेला फौज राजौरीत पोचली.

आता पदकाकडे पाहा. कासे धातूचे ते लहानसे चक्र. मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रे. दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या, त्यांचे वज्र झाले, ही कथा आपण जाणतोच. ती पदकावर आणली सावित्रीबाई खानोलकरांनी. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ही मुलगी १९३२ साली विक्रम खानोलकरांशी लग्न करून आपली झाली. माहेरवाशिणींनीही लाजावे इतका पुराणांचा अभ्यास तिने केला! योगायोग असा की पहिले परमवीरचक्र, तेही मरणोत्तर, मेजर सोमनाथ शर्मा यांना मिळाले. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या लेकीचे दीर.

राणे मात्र ते छातीवर लावून नांदले. १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ साली पुण्यास वारले. २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले.