वाऱ्याची पायरी आणि विम्याचे पैसे



३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड आणि खाडीपलीकडे मंडणगड, दापोली या पट्ट्यात सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, कौलं आणि पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले. हे सगळं पंचनाम्यात आलं. पण काही गावांत वीज परत यायला कित्येक आठवडे लागले आणि त्या आठवड्यांचं नुकसान कुठल्याच कागदावर नीट उमटलं नाही. यंत्रं शाबूत, छप्पर जागेवर, तरी वीज नाही म्हणून गिरणी बंद, बर्फाचा कारखाना बंद, शीतपेटीतला माल खराब. पगार मात्र द्यायचा होता आणि कर्जावरचं व्याजही थांबलं नव्हतं.

आज मी ज्या विम्याबद्दल बोलणार आहे, तो या दुसऱ्या प्रकारच्या नुकसानीसाठी उपयोगी पडू शकतो. त्याला पॅरामेट्रिक विमा म्हणतात.

आधी नेहमीच्या विम्याचं बघू. लहान उद्योगांसाठी एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. एका ठिकाणची पाच कोटींपर्यंतची मालमत्ता तिच्यात बसते, वादळ आणि पूरही बसतात. ज्यांनी घेतली नसेल त्यांनी घ्यावी. पण ती भरपाई देते भिंतीची, यंत्राची, मालाची. धंदा बंद राहिल्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि त्यातही साधारणपणे अट असते की आधी तुमच्याच मालमत्तेची मोडतोड झालेली हवी. रस्ता खचला, फेरी बंद पडली, गिऱ्हाईक फिरकलं नाही, याला त्यात जागा नसते. शिवाय सर्व्हेअर येणार, बिलं मागणार आणि नेमकी तीच पावसात भिजलेली असणार. मग दावा मंजूर होईपर्यंत महिने जातात.

पॅरामेट्रिक विम्यात नुकसान मोजतच नाहीत, वादळ मोजतात. पॉलिसीत आधीच लिहिलेलं असतं की अमुक ठिकाणापासून इतक्या किलोमीटरच्या आत चक्रीवादळाचा मध्य आला आणि वाऱ्याचा वेग इतका भरला, तर इतकी रक्कम द्यायची. हवामान खात्याची नोंद आली, आकडा जुळला की पैसे सुटतात. विमा म्हणजे पैज नव्हे, म्हणून नुकसान झाल्याचं साधं लेखी निवेदन बहुधा मागतात, पण खोलीखोलीची मोजदाद नाही. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की, होडी वेळेत वर ओढून ठेवणाऱ्याला सावधपणाचा दंड होत नाही. त्याचं मोडलं कमी, तरी रक्कम तीच.

आपल्या आंबा बागायतदारांना हे नवं वाटायचं कारण नाही. हवामान आधारित फळपीक विमा हा याच जातीचा. अवेळी पाऊस, तापमान, वारा यांचे आकडे महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर मोजले जातात आणि त्यावर भरपाई ठरते. या विम्याची खोड कुठे आहे, हेही बागायतदारांना पाठ आहे. पाऊस बागेत पडतो, केंद्रावर पडत नाही. मोहोर गळतो आणि कागद म्हणतो, काहीच झालेलं नाही. चक्रीवादळाच्या विम्यात हीच खोड मोठ्या आकारात येते, म्हणून तिच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

हवामान खात्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ताशी ६२ ते ८७ किलोमीटर वारा म्हणजे चक्रीवादळ. ८८ ते ११७ म्हणजे तीव्र चक्रीवादळ. ११८ च्या पुढे अतितीव्र. आता श्रीवर्धनचं जे झालं ते आपण पाहिलं. पण खात्याच्या लेखी निसर्ग हे किनाऱ्यावर येताना 'तीव्र' होतं, 'अतितीव्र' नव्हे. समजा, एखाद्या व्यावसायिकाने दहा लाखांची पॉलिसी घेतली आहे आणि तिची पहिलीच पायरी ११८ ला आहे. गाव जमीनदोस्त झालं तरी त्याला एक रुपया मिळणार नाही आणि कंपनीने फसवलं असंही म्हणता येणार नाही. करारात तेच लिहिलं होतं.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते आलं. ते निसर्गापेक्षा बरंच जोरदार होतं. १७ मेच्या रात्री ते गुजरातेत, दीव आणि ऊना यांच्या दरम्यान जमिनीवर चढलं. कोकणासमोरून मात्र त्याचा मध्य समुद्रातूनच उत्तरेला गेला. तरी सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आंबा गळाला, झाडं पडली, नौकांचं नुकसान झालं आणि मुंबईत कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वरचे झोत नोंदले गेले. आता ज्या पॉलिसीत 'वादळ या तालुक्याच्या किनाऱ्यावर धडकलं तर' असं लिहिलं असेल, ती तौक्तेत कोऱ्या कागदाइतकीच कामाची. वर्तुळ आखलं असेल तर ते पन्नास किलोमीटरचं की दोनशेचं, यावर सगळं ठरणार.

तुम्ही म्हणाल, मग आपल्या गच्चीवरच वारा मोजणारं यंत्र लावा आणि भांडण मिटवा. अडचण अशी की मोठ्या वादळात यंत्रंच आधी जातात. २०१७ मध्ये मारिया वादळाने प्वेर्तो रिकोचं हवामान रडारच उडवलं होतं. म्हणून विमा कंपन्या वादळाचा मार्ग आणि त्याच्या मध्याजवळचा वेग, जो खातं उपग्रह आणि इतर नोंदी जुळवून ठरवतं, तोच धरतात. त्यातही एक खाच आहे. आपलं खातं तीन मिनिटांच्या सरासरीने वेग सांगतं, अमेरिकन संस्था एका मिनिटाच्या. एकाच वादळाचा अमेरिकन आकडा सहसा जास्त दिसतो आणि क्षणिक झोतांचा आकडा त्याहून वर जातो. तेव्हा पॉलिसीत कुणाचा आकडा आणि कसला आकडा धरला आहे, हे तपासायला हवं.

असं अपयश फक्त लहान व्यापाऱ्याच्या वाट्याला येतं असंही नाही. जमैका सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने १५ कोटी डॉलरचं असंच संरक्षण घेतलं होतं. त्यात वाऱ्याऐवजी वादळाच्या मध्यातला हवेचा दाब धरला होता. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ दक्षिण किनाऱ्याला घासून गेलं, नुकसान झालं, पण दाब ठरल्याइतका खाली गेला नाही. पैसे शून्य. पुढे २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा आलं, बेटावर नोंदलं गेलेलं सर्वांत जोरदार वादळ, आणि तेव्हा पूर्ण १५ कोटी मिळाले. त्याच बेरिलने ग्रेनडाला झोडपलं होतं. ग्रेनडाला कॅरिबियन देशांच्या सामायिक विमा निधीतून सुमारे साडेचार कोटी डॉलर मिळाले. हा निधी २००७ पासून चालतो आणि साधारण चौदा दिवसांत पैसे देण्याची त्याची रीत आहे. म्हणजे पद्धत चालते. पायरी कुठे ठेवली, यावर ती कामी येते की नाही, हे ठरतं.

मग पायरी खालीच का ठेवू नये? कारण हप्ता. साधा हिशेब करा. दहा वर्षांतून एकदा पैसे द्यावे लागतील असं कंपनीला वाटत असेल, तर दहा लाखांच्या संरक्षणाला वर्षाला लाखभर रुपये नुसत्या जोखमीचेच झाले, खर्च आणि नफा वेगळा. पायरी खाली आणाल तसा हा आकडा वर जाणार. याला तोड नाही आणि तोड आहे असं सांगणारा एजंट खोटं बोलतो. म्हणून माझं मत असं की छप्पर आणि यंत्रं नेहमीच्या पॉलिसीवर सोपवावीत. पॅरामेट्रिक विमा घ्यायचा तो फक्त दोन-तीन महिन्यांच्या रोखीपुरता, म्हणजे पगार, बँकेचा हप्ता, जनरेटरचं डिझेल, पाणी. दहा लाखांऐवजी दोन लाखांचं संरक्षण, पण निसर्गासारख्या वादळातही चालेल अशा पायरीवर.

एकेकट्या दुकानदाराशी बोलायला कंपन्या फारशा उत्सुक नसतात, हे खरं आहे. एकत्र येऊन घेतलं तर गोष्ट वेगळी. नागालँड सरकारने २०२१ मध्ये अतिवृष्टीसाठी असा विमा घेतला. 'सेवा' संघटनेच्या हजारो महिला सभासदांना २०२४ च्या उन्हाळ्यात उष्णतेच्या अशाच विम्यातून पैसे मिळाले. मग आपल्या मच्छीमार सहकारी संस्था, काजू कारखानदार, पर्यटन व्यावसायिकांच्या संघटना यांना ते अशक्य का असावं? गट मोठा असला की पायरी कुठे ठेवायची यावर घासाघीसही करता येते.

तेव्हा तुमच्या संघटनेपुढे कुणी अशी पॉलिसी घेऊन आलं, तर माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा: २००९ चं फयान, २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते, या तिन्ही वादळांत ही पॉलिसी आमच्या गावाला किती रुपये देती? नोंदी उपलब्ध आहेत, कंपनीकडे गणितही आहे, उत्तर द्यायला फार दिवस लागत नाहीत. ते उत्तर लेखी घ्या आणि मगच हप्त्याचा चेक लिहा.