सेवकांनाही रजा हवी
(हितचिंतकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वसतिगृहाचे किती पत्रे बदलले, किती मुले दहावी झाली, हे आम्ही तुम्हांला दरवेळी सांगतो. आज जरा रुक्ष विषय आहे. गेले काही महिने मी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सेवानियमांची पुस्तिका लिहितो आहे. एकाने विचारले, "प्रभूच्या कामाला नियम कशाला?" असे विचारणाऱ्यांना स्वतःला बहुधा भरपगारी रजा असते, एवढे नम्रपणे सांगतो.

शहरातली एखादी तयार नियमावली घेऊन नाव बदलले असते, तर आठवड्यात काम झाले असते. पण तिच्यात होळीला एकच सुट्टी. सातपुड्यात होळी हा वर्षाचा सर्वांत मोठा सण, आणि गावोगावची होळी वेगवेगळ्या दिवशी पेटते. त्या यादीप्रमाणे आमच्या स्वयंपाकीण मावशी दरवर्षी बेजबाबदार ठरल्या असत्या. म्हणून लिहिले: होळीची रजा ज्याच्या त्याच्या गावच्या तारखेने. पेरणीचेही तसेच.

मसुदा सर्वांना वाचून दाखवला. 'विहित नमुन्यात अर्ज सादर करावा' या वाक्यावर सगळे गप्प. पावरी बोलणाऱ्या मावशींना ते कसे कळावे? आता तिथे आहे: वॉर्डनला सांगा, तो वहीत लिहील, तुम्ही अंगठा किंवा सही करा.

सर्वांत जास्त वेळ तक्रारीच्या प्रकरणाला लागला. राजस्थानच्या भंवरीदेवी आठवतात? सरकारी कार्यक्रमात गावपातळीवर काम करणाऱ्या 'साथीण'. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातूनच १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे २०१३ चा कायदा. पाड्यापाड्यांत एकट्या फिरणाऱ्या आपल्या आरोग्यसेविका त्यांच्याच जागी उभ्या आहेत. दहा किंवा अधिक माणसे कामावर असली की अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. आणि तक्रार संस्थाप्रमुखाविरुद्धच असेल तर? मग जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. हे वाक्य पुस्तिकेत ठळक अक्षरांत आहे. काहींना ते खटकले. ते तसेच राहील.

मुलांबाबत तर 'आधी वरिष्ठांना कळवा' असे लिहिताच येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळले, त्याने पोलिसांना कळवायचे, मग तो शिपाई असो की पाळक. संस्थेची अब्रू हे गप्प राहण्याचे कारण होत नाही.

आता पैशाचे. पहिल्या दोन बाळंतपणांना कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. वसतिगृहातली चूल मात्र तेवढे दिवस थांबत नाही, म्हणजे बदली स्वयंपाकिणीचा पगार वेगळा काढावा लागतो. इमारतीसाठी देणगी मिळते, कोनशिलेवर नाव येते. बदलीच्या पगारावर कोनशिला बसत नाही, तरीही यंदा मी तुमच्याकडे त्याच पैशासाठी आलो आहे.

जूनमध्ये वसतिगृह उघडण्याआधी पुस्तिका पावरीत मोठ्याने वाचली जाईल. ज्यांना जमेल त्यांनी यावे. जेवण तिथेच आहे, आणि त्या दिवशी भाकरी आम्ही कार्यकारिणीची माणसे थापणार आहोत.