यकृताचा कर्करोग : गोळी काय देते, काय मागते

घरातल्या माणसाचा यकृताचा कर्करोग पुढच्या टप्प्यात गेला, ऑपरेशन होणार नाही, आणि डॉक्टरांनी सोराफेनिब नावाच्या गोळ्या लिहून दिल्या, की पहिला प्रश्न येतो : यानं माणूस बरा होईल का?

आम्ही सरळच सांगतो. ही गोळी रोग मुळापासून काढत नाही, त्याची वाढ रोखून धरते. गाठीला ‘वाढ’ असा निरोप देणारी प्रथिनं असतात. शिवाय गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या करून घेते. गोळी या दोन्ही वाटा अडवते. याला टार्गेटेड थेरपी म्हणतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ही गोळी घेणारे निम्मे रुग्ण १०.७ महिन्यांहून जास्त जगले. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हा आकडा ७.९ महिने होता. हे तीन महिने थोडे की मोलाचे, ते घरानं ठरवायचं. पण माहीत असून ठरवायचं. आता सलाइनमधून देण्याची इम्युनोथेरपीची औषधंही आहेत. ‘आमच्या रुग्णाला ती चालतील का?’ हे जरूर विचारा.

गोळी सहसा दिवसातून दोनदा, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घेतात. पहिल्या काही आठवड्यांत तळहात-तळपाय लाल होतात, जळजळतात, सालं निघतात. जुलाब होतात, रक्तदाब वाढतो. घाबरून गोळी परस्पर बंद करू नका आणि सोसतही बसू नका. लगेच सांगितलं तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा थोडे दिवस थांबवतात. पायात मऊ चप्पल, सुती मोजे असावेत. गरम पाणी टाळावं. आणि रुग्ण बाई असेल, तर भाकरी थापणं, धुणं-भांडी दुसऱ्या कुणीतरी करायची. हे घरातल्या पुरुषांनीही ऐकावं!

आता पैशांचं. एके काळी महिन्याच्या १२० गोळ्यांना सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडत. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयानं हैदराबादच्या नॅटको कंपनीला हे औषध बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला. किंमत ठरली ८,८८० रुपये. २०२० मध्ये मूळ पेटंटही संपलं. म्हणून दागिना मोडण्याआधी विचारा : जेनेरिक गोळी कोणती? सरकारी योजनेत खर्च बसतो का? सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

शेवटचं एक. रुग्णाला हेपेटायटिस बी असेल, तर घरातल्या सगळ्यांची रक्ततपासणी करून घ्या. आणि बाळ जन्मलं की २४ तासांच्या आत त्याची लस टोचून घ्या. या कर्करोगाचं एक मोठं कारण तिथंच अडवता येतं.